कॉम्प्युटरमधला चौथा कप्पा

भूत, चकवा, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमची रोशनी मोबाईलवर लोकांचे असे अनुभव मला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी भाजी चिरता चिरता हसायची. आता माझ्याजवळच सांगण्यासारखं आहे, पण चारचौघांत बोलायला मला जमत नाही. म्हणून लिहून ठेवते. शिक्षण चौथीपर्यंतच झालं आहे, चुकलं तर समजून घ्यावं.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावपासून थोडं आत आहे. रोशनीचे बाबा नागपुरात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. आधी महिन्यातून एकदा घरी यायचे, मग सणावारालाच यायला लागले. रोशनी गोंदियाला कॉलेजात जाते, कॉम्प्युटरच शिकते. तिला तयार कॉम्प्युटर नको होता, एकेक वस्तू निवडून घरीच जोडायचा होता. पावसाळाभर बापलेकीचं फोनवर तेच चालायचं. कॅबिनेट मोठं घे, आत हवा खेळली पाहिजे. खिडकीजवळ ठेवू नको, धानाची धूळ जाते. मी चुलीजवळ बसून ऐकायची. खरं सांगायचं तर त्यांचा आवाज घरात असायचा, तेवढ्यानेच मला बरं वाटायचं.

रोशनीला त्यात तीन सिस्टिम हव्या होत्या. एक कॉलेजची, एक तिच्या प्रयोगांची आणि तिसरी माझ्यासाठी... मराठीतली, मोठ्या अक्षरांची. मला काही समजेना. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी लांबूनच विचारलं, "एकाच पेटीत तिघं राहतीन तर भांडणार नाही का वो?"

ते खूप हसले. "अवं, एका वेळी एकच जागा राहते, बाकीचे झोपले राहतेत. बाकीच्याईले पत्ताच नसते."

"बाबा, मायची सिस्टिम मी टाकून देऊ का?"

"नको, ते मी करतो. मंडईले येतो ना."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा, रात्रभर नाटक असतं. त्या दिवशी माणूस कुठेही असला तरी घरी येतो. सामान एसटीने येत राहिलं, सगळं नवं, सीलबंद. मंडई झाली. ते मात्र आले नाहीत. दुकानात सुट्टी नाही म्हणाले.

"कायले वाट पाहायची?" रोशनी चिडून म्हणाली आणि तिने स्वतःच सगळं जोडलं. तिन्ही सिस्टिम टाकल्या. दुपारची जेवणं झाली होती, शेजारच्या खळ्यात मळणी चालू होती, घरात आम्ही दोघीच. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर नावं येतात, त्यातलं एक निवडायचं असतं. तीन नावं आली. त्यांच्याखाली चौथी ओळ होती, रिकामी, पण निवडता येत होती.

"हे मी नाही टाकलं, माय," असं म्हणत रोशनीने ती ओळ दाबली.

पडदा काळाच राहिला. मग स्पीकरमधून बाईचा आवाज आला. तिने रोशनीच्या बाबांना नावाने हाक मारली आणि म्हणाली, "जेवाले या ना, भात थंडा होऊन राहिला."

लगेच त्यांचा आवाज, "आलो."

रोशनी माझ्याकडे पाहायला लागली. बाईचा तो आवाज माझा होता. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात, पण पोटच्या पोरीला तर येतो ना?

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाणा घ्यायचा असतो, तोसुद्धा मी इतकी लाजत होते की नणंदेने माझ्या वतीने घेतला. ते नाव माझ्या तोंडून आजवर निघालेलंच नाही — इथेही मी ते लिहिलेलं नाही. मग ते रेकॉर्ड झालं कुठून? कॉम्प्युटरला माइक नव्हता. डिस्कचं पाकीट त्याच दिवशी माझ्यासमोर फोडलं होतं.

रोशनीने बाबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. "बाबा, इथं चौथं कायचं दिसून राहिलं?"

"कोणतं चौथं? मी दुकानात आहो बाई, गर्दी आहे, मंग सांगतो..."

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईने त्यांना नावाने हाक मारली. "जेवाले या ना, भात थंडा होऊन राहिला."

शब्द तेच, फक्त आवाज परका.

"आलो," ते म्हणाले. सवयीने निघून गेलं असावं.

"दुकानात भात कोण वाढून राहिलं, बाबा?" रोशनीने विचारलं. फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "पोरगी माझा फोन काऊन उचलत नाही? काय कान भरले तू तिचे?"

मी घडलं ते सांगितलं. वाटलं होतं, मला येडी म्हणतील, शिव्या देतील. तेही चाललं असतं. पण त्यांनी विचारलं, "अजून काय काय ऐकलं?"

बस, तेवढंच विचारलं. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर ते घरी आलेले नाहीत.

कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला, तेव्हा चौथी ओळ नव्हती. रोशनीच्या कॉलेजातल्या सरांनीही पाहिलं. डिस्कवर तीनच सिस्टिम आहेत, चौथी कधी नव्हतीच म्हणाले.

नागपूरचं ते दुसरं घर आज ना उद्या कळलंच असतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं असतं, नाहीतर त्यांनीच तोंड उघडलं असतं. पण ते मला माझ्याच आवाजात का ऐकवलं? कोणी? त्या आवाजात राग नव्हता, भीती नव्हती, लाज तर अजिबात नव्हती. ज्या बाईसमोर नवरा रोज जेवायला बसतो, तिचा आवाज तसा असतो. मी त्यांना अशी हाक कधी मारलीच नाही. आणि तरी ते "आलो" म्हणाले... तिकडे, त्या चौथ्या कप्प्यात.