रांगेतल्या चपला

फोन आला तेव्हा मी चाकणला, कंपनीत होतो. पलीकडे कुणी अनोळखी बाई होत्या. "दादा, तुमच्या आत्याच्या चपलांचा नंबर आलाय, पण त्या काही उठंनात…" जनाआत्या गेल्याची बातमी मला अशी कळली.

सरकारी दवाखान्याची पायरी चढलेल्यांना ही रीत ठाऊक आहे. खिडकी उघडण्याआधी रांगेत चपला ठेवायच्या आणि अनवाणी जाऊन सावलीत बसायचं. रांग हलली की मागचा माणूस आपल्याबरोबर पुढच्याच्याही चपला सरकवतो. त्यात कुणी लबाडी करत नाही.

आत्या आमच्याच घरात, महाळुंग्याला राहायची. तिला धाप लागायची, छातीची तपासणी करायची होती. माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात, आत्या बसत नाही. खासगीत जाऊ म्हटलं की ती उसळायची. "आरं, समदीच खासगीत गेली तर हितं डागदर कुणासाठी बसंल?" रांगेत तर रोज वाद. कुणी म्हणे सगळ्यांना विम्याचं कार्ड द्या, कुणी म्हणे दवाखाने कंपन्यांकडे सोपवा. आत्याचं एकच पालुपद, "कार्ड ऱ्हाऊ द्या, अजून एक डागदर द्या." आणि एखादी पोटुशी बाई दिसली की हीच बया तिला पुढं घालून आपल्या चपला मागं ठेवायची! खिडकी बंद झाली की घरी येऊन म्हणायची, "उद्या जाईन." मला तिचा राग यायचा. अजूनही येतो.

त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. लोकांना वाटलं, डुलकी लागली असेल. ती गेलेली होती आणि चपला पुढं चालल्या होत्या… फरशीमागून फरशी, थेट खिडकीपर्यंत. तिला आम्ही अनवाणीच घरी आणलं.

चपला टाकवेनात, म्हणून मागच्या खोलीत भिंतीशी ठेवल्या. काही दिवसांनी त्या मधल्या दारात दिसल्या. आईला विचारलं तर ती माझ्यावरच खेकसली, "म्या कशाला हात लावू? तूच सरकवल्या असशील." मी सरकवल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात त्या बाहेरच्या खोलीत होत्या, उंबऱ्याकडे तोंड करून. मग मी विचारणं सोडलं.

आज सकाळी त्यांच्या मागं माझ्या चपला होत्या, उंबऱ्याकडेच तोंड करून नीट ठेवलेल्या. मी त्या तिथं काढल्या नव्हत्या. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "उचल की त्या, वाटेत हायत." मी वाकलो, हातही लावला… आणि त्या तशाच सोडल्या. कंपनीचे बूट चढवले आणि कडेकडेनं बाहेर पडलो. आत्याचा नंबर अजून यायचा असेल, तर तिच्या चपला सरकवायला मागं कुणीतरी हवं.