फ्लॉपीचा दिवा

कचेरीबाहेर मी हाताने अर्ज लिहून देतो. माझ्या शेजारी संगणक थाटून बसलेले गृहस्थ बस थांबण्यापूर्वी उतरतात आणि संगणकाचा दिवा विझण्यापूर्वी फ्लॉपी उपसतात. येवल्याच्या एका विणकर बाईंच्या घराचे अपील होते, मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि छापायला नेलेली फ्लॉपी कोरी निघाली.

"मी सेव्ह केलं होतं, काका," गृहस्थ मला म्हणाले.

अपील मी स्वहस्ते लिहून वेळेत दाखल करविले. संगणकाच्या दुरुस्तीवाल्याने गृहस्थांना बजावले, "दिवा लागलेला असतो तोवर मजकूर फ्लॉपीवर उतरत असतो. विझल्याशिवाय काढू नका."

दुसऱ्या दिवशी पाहतो तो दिव्यावर काळी चिकटपट्टी.

"आता दिवा दिसतच नाही, काका. कटकट मिटली."

त्यांच्यासमोर त्याच बाई पुढचा अर्ज सांगत बसल्या होत्या. छापील अक्षराला वजन असते म्हणे.