लेकीचा खोटा उपास

खानदेशात जन्माला येऊन शेंगदाण्याशी वैर धरणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. आमची मुलगी ते वैर घेऊनच जन्माला आली. दोन वर्षांची असताना तिनं माझ्या ताटातली भरताची चिमूट तोंडात घातली, ओठ फुगले, अंगावर गांधी उठल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, दाणे बंद. नुसते दाणे नाही, कूट, चटणी, घाण्याचं तेल, सगळं बंद. मी विचारलं, "मग खायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नाही हो, ती." दाण्याच्या कुटाशिवाय भाजीला भाजी न म्हणणारा माणूस मी. पहिलं दुःख मला स्वतःचं झालं, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

घरात सोपं होतं. बायकोनं एका दुपारी दाण्याची बरणी शेजारी देऊन टाकली आणि मला सांगितलं, "खायचेच असतील तर बाहेर खा, आणि चूळ भरून घरात या." अवघड होतं ते बाहेर. वाढदिवस, साखरपुडा, वास्तुशांत. आमच्याकडं पाहुण्याला वाढत नाहीत, कोंबतात. नको म्हटलं की वाढणाऱ्याला जोर येतो. आणि कारण सांगितलं की भाषण सुरू. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं." "थोडं थोडं खाऊ घाला, जिरेल." एकदा तर एका भाऊंनी माझ्याकडं नीट बघून विचारलं, "शहरात राहायला गेल्यावर होतं का हो हे?" जळगावला ते शहर समजत होते, त्याचाही मला थोडा आनंद झाला.

बायको थकत नसे. तिनं मुलीला एक वाक्य शिकवलं होतं, "मला दाण्यांची ॲलर्जी आहे, मी आईला विचारून खाते." पोरगी ते कवितेसारखं म्हणायची. लोक हसायचे, गाल ओढायचे. मला मात्र लाज वाटायची. दर पंगतीत आपण सांगणारे आणि बाकीचे ऐकणारे, असं किती दिवस चालायचं?

उपाय सापडला पाचोऱ्याला, एका वास्तुशांतीत. एक म्हातारी मुलीच्या तोंडाजवळ लाडू घेऊन आली. बायको जवळ नव्हती. त्या दिवशी भाषण ऐकायचा मला फार कंटाळा आला होता, म्हणून मी म्हणून गेलो, "तिचा उपास आहे." म्हातारीचा हात जागच्या जागी थांबला. लाडू मागे गेला. वर तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "एवढीशी आंडेर, एवढीशी पोर, आनि उपास!" ना प्रश्न, ना उपदेश. दोन तास पोरीला कुणी काही विचारलं नाही. बायकोनं दिलेल्या डब्यातलं मी तिला आडोशाला नेऊन खाऊ घातलं, पाहुण्यांकडं पाठ करून. परतीच्या वाटेवर मी इतका खूश होतो की शीळ घालत होतो. औषधांचा शोध लावणाऱ्या माणसांना असंच वाटत असावं. बायकोला मी शोध सांगितला नाही. तिला खोटं आवडत नाही.

त्यानंतर धुळ्याला मेहुण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस आला. गच्चीवर मांडव, फुगे, खाली चुलीवर शेवभाजी. बायको पोचताच भावजयीबरोबर सजावटीत अडकली. जाताना म्हणाली, "हिच्याकडं लक्ष द्या." मी लक्ष दिलं. मुलीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आज दाण्यांचं काही बोलायचं नाही. कुणी काही दिलं तर म्हणायचं, माझा उपास आहे. एवढंच."

"आणि आईला विचारून खाते, ते?"

"ते आज नको. लोक कंटाळतात."

सहा वर्षांची होती. मान डोलावली आणि फुगे बघायला पळाली.

त्या वाढदिवसाला अक्का आली होती, बायकोची आत्या. सोनगीरला एकटी राहायची. स्वतःचं मूल नव्हतं, आमच्या मुलीवर जीव. बायकोनं तिला दाण्यांबद्दल कधीतरी फोनवर सांगितलं होतं, पण म्हातारीला ते आजाराचं नाव होतं, लाडवाचं नव्हे. त्या दिवशी चतुर्थी होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी कसला उपास करतो! अक्काचा होता. तिच्या पिशवीत उपासाचा डबा होता, राजगिऱ्याचे लाडू, त्यात गूळ आणि भरपूर दाण्याचा कूट. लेक तिच्याजवळ गेली आणि शिकवलेलं बोलली. अक्काला भरून आलं. एवढ्या गर्दीत, एवढ्या वासात, पोर उपाशी! तिनं डबा उघडला. "उपासनंच शे बेटा, खायी ले."

पोरीनं खाल्लं. उपासाचं म्हटल्यावर तिनं काय समजायचं होतं?

मी तेव्हा मेहुण्याच्या मित्रांना वांगी भाजताना ती फुटू कशी द्यायची नाहीत, हे समजावून देत होतो. बायकोची हाक आली तशी धावलो. लेकीचे डोळे सुजून बारीक झाले होते, ओठ जाड, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी येत होती. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनची पिशवी माझ्या खांद्यावर. मी चेन ओढत होतो आणि ती उघडत नव्हती, कारण मी ती उलटी, बंद करायच्या बाजूला ओढत होतो. बायकोनं पिशवी हिसकली, इंजेक्शन काढलं, मांडीत दिलं. मग मेहुण्याची गाडी, दवाखाना, नळ्या.

डॉक्टर बाहेर येऊन "धोका टळला" म्हणाले, तेव्हा सगळ्यांना बोलायला सवड मिळाली. मेहुणा अक्कावर खेकसला. "अक्का, तुला सांगितलं होतं ना तिला दाणे चालत नाहीत?"

अक्का बाकावर बसली होती, दोन्ही हात पदरात घेऊन. म्हणाली, "मी ते उपासनं दिधं, भाऊ. ती बोलनी, मना उपास शे."

"सहा वर्षांच्या पोरीला कुठला उपास?"

बायको माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. मी सांगितलं. पाचोऱ्यापासून सगळं सांगितलं. मेहुणा फक्त हळू आवाजात म्हणाला, "दाजी, उपासाला लोक दाणेच खातात हो."

आत गेलो. लेक जागी होती. नाकाला नळी, चेहरा अजून सुजलेला. मला बघून तिनं विचारलं, "बाबा, माझा उपास मोडला का?"

मी आजवर पुष्कळ फजित्या रंगवून सांगितल्या आहेत, त्यावर लोक हसलेही आहेत. ही कधी सांगता आली नाही. चेनची गोष्ट तेवढी सांगतो, तिथवर लोक हसतात, मग मी विषय बदलतो.

लेक बरी झाली. तिचं वाक्य तिला परत मिळालं, आता ते ती मोठ्यांच्या आवाजात म्हणते. फरक एवढाच की कार्यक्रमात मी आचाऱ्याला विचारून येतो, तेल विचारतो, पुडा वाचतो, आणि सांगतो, "खा, यात नाही काही." ती ऐकते, "हो बाबा," म्हणते, आणि आईची वाट बघते. आई आली की तिला विचारते. उद्धटपणा नाही. माझ्याशी ती चांगली वागते, अभ्यास विचारते, माझ्या विनोदांवर हसते. फक्त खाण्याच्या बाबतीत माझा शब्द चालत नाही.

अक्कानं त्यानंतर कुणाच्याच मुलाला हातानं काही दिलं नाही. आम्ही सोनगीरला गेलो की ती लेकीला लांबूनच बघायची. पाणीसुद्धा "तुमनं तुम्ही आनेल ते पाजा" म्हणायची. मी समजावलं, चूक तुमची नव्हती, माझी होती. ती म्हणायची, "हात ते मना व्हता ना, जवाईबापू."

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. आम्ही तिघं भेटायला गेलो. खाटेशेजारी कुणीतरी आणून ठेवलेली केळी होती. लेक आता अकरा वर्षांची. ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "अक्का, एक केळं दे ना."

अक्कानं हात पदराखाली ओढले. "मना हातनं नको."

"केळ्यात काही नसतं अक्का."

"तुना बापनी बी आसंच काहीतरी सांगेल व्हतं," अक्का म्हणाली. रागानं नव्हे. नुसतं आठवून.

लेकीनं स्वतःच फणीतलं एक केळं तोडलं. ते तिनं अक्काच्या हाताला लावलं, अगदी पदराखाली नेऊन, आणि मग सोललं. खाण्याआधी मान वळवून आईकडं बघितलं. मीही होकाराची मान हलवली होती, पण ती कुणी पाहिली नाही. आईनं हो म्हटलं. लेकीनं केळं खाल्लं, सावकाश, अक्काच्या समोर.

आम्हाला वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. अक्का तिच्या ओठांकडं बघत होती. मग गळ्याकडं. केळं संपलं तरी नजर हलेना. आम्ही निघायला उठलो तर म्हणाली, "बस ना आजून थोडी." बसलो. चहा आला, तो निवला. ऊन भिंतीवरून सरकलं. अक्का मध्येच लेकीला म्हणायची, "दम घे बरं एकदा. मोठा." लेक मोठा श्वास घेऊन दाखवायची. पुन्हा थोड्या वेळानं, "घे बरं."

"अक्का, काही झालं नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. लेकीच्या मनगटाला धरून बायकोला विचारलं, "काही नही ना व्हयनं, बेटा?" बायको म्हणाली, "नाही आत्या." तेव्हा कुठं तिनं मनगट सोडलं.

ती पंधरवड्यात गेली. त्या शेवटच्या भेटीनंतरची परतीची वाट मला आठवते. धुळ्याच्या अलीकडं लेकीला भूक लागली. मी म्हणालो, पुढं चांगली खाणावळ आहे, मी जाऊन विचारतो. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "नको बाबा, तुम्ही गाडी चालवा. आई विचारेल."