चूक कबूल करायला वळसंगला आलेल्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी ओळख बारा वर्षांपूर्वीची. माझ्या यजमानांचा खालचा एक दात हलत होता, म्हणून मी त्यांना वळसंगहून जुळे सोलापुरात ताईंच्या दवाखान्यात नेले. यजमान दिवसाला दोन बंडल बिड्या ओढत आणि हिरड्यांतून कधी रक्त आले नाही, याचा त्यांना अभिमान होता. "बाई, दात तेवढा काढा. हिरड्या झकास हायत की," असे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकले.

ताई हसल्या. तपासल्यावर मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, की धुराने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून रक्त दिसत नाही. आजार आतून हाड झिजवतच राहतो. आणखी चार दातांचे हाड झिजले होते. बिडी सुटली तर ते वाचण्यासारखे होते. ताईंनी हिरडीच्या कडेला कागदाच्या बारीक पट्ट्या लावून तिथली ओल टिपून घेतली. सूज किती आहे हे सांगणारे पदार्थ त्या ओलीत सापडतात. त्यांचाच ताईंचा अभ्यास चालू होता.

यजमानांनी बिडी खरोखर सोडली. महिन्याभराने एका सकाळी चूळ टाकली ती लाल. मला बोलावून त्यांनी दाखवली. "बघ. बिडी हुती तवर हे नव्हतं. बिडीच औषध हुती." दवाखान्याची पुढची तारीख त्यांनी चुकवली आणि बिडीचे बंडल आणून कोनाड्यात ठेवले. माझ्या बोलण्याने बिडी सुटायची असती, तर वीस वर्षांपूर्वीच सुटली असती. मी फक्त दवाखान्यात फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई स्कूटरवरून आमच्या दारात हजर. पाणीही न घेता म्हणाल्या, "अण्णा, चूक माझी आहे. बिडी सुटली की रक्त येऊ शकतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. सूज तेव्हाही होती, धुरानं ती झाकली होती. आता दिसते आहे, तर बरी करता येईल."

यजमान म्हणाले, "डॉक्टरनं चूक कबूल केल्याली पयल्यांदाच बघतोय." बंडल त्यांनी स्वतःच चुलीत टाकले.

हिरड्यांचे उपचार पुरे झाले, रक्त थांबले. पुन्हा पट्ट्या लावल्या तेव्हा सुजेचे ते पदार्थ बरेच कमी निघाले. त्या तपासणीचा कागद आम्हाला दाखवताना ताईंना असा आनंद झाला, की जणू त्यांचाच परीक्षेचा निकाल लागला. चारही दात वाचले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन घरी, मिळेल ते. हे कळल्यावर ताईंनी रुग्णांसाठी लिहिलेले पत्रक माझ्या हाती दिले आणि न कळेल त्याखाली रेघ मारायला सांगितली. निम्मे पान रेघांनी भरले. ताईंनी सगळे नव्याने लिहिले आणि पहिल्याच ओळीत घातले: बिडी सोडल्यावर रक्त आले तर घाबरू नका, दवाखान्यात या.

यजमानांना जाऊन पाच वर्षे झाली. हृदयाने दगा दिला. शेवटपर्यंत ते कडक भाकरी स्वतःच्या दातांनी कडाकडा मोडून खात. जेवायला बसले की तो आवाज नाही, हे मला रोज जाणवते. पण सात वर्षे तो जास्तीचा ऐकायला मिळाला, तो ताईंमुळे.

ताई, आज आपण साठ वर्षांच्या झालात. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आपल्या शंभरीचे लाडू आपण वाचवलेल्या दातांनीच खायचे, असे आपल्या दवाखान्यात येणाऱ्या आम्ही वळसंगकरांनी ठरवले आहे.