काकूची धाबळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्हाला तरी धड सांगता येईल का — कारण त्या दिवशी मला काय झालं होतं, हेच मला अजून उमगत नाही.

गंगेपलीकडे माझं मेंढ्यांचं लहानसं फार्म आहे. तिथं विजेची तार पोचलेली नाही. सोलरच्या प्लेटा आणि हातपंप, एवढ्यावर चालतं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या भिक्षुकाच्या मुलानं मेंढ्या पाळाव्यात म्हणून सगळ्या गल्लीनं नाकं मुरडली. काकूनं नाही. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं. ती म्हणाली, "चला, माझ्या धाबळीची सोय झाली!"

धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. ते नेसूनच काकू नैवेद्याचा स्वयंपाक करायची. तिची जुनी धाबळी कसरीनं खाऊन विरली होती.

मग मला काय सुचावं? लोकर सोवळ्याची, म्हणून कातरायच्या सकाळी मी मेंढ्यांना गंगास्नान घातलं! वाळायच्या आत कातरल्या, ओली लोकर गोण्यांत कोंबली. हा भक्तिभाव होता की मिरवायची हौस — देव जाणे. गोण्या उघडल्या तेव्हा लोकर कुजली होती.

तेव्हाच सांगितलं असतं तर काकू पोट धरून हसली असती. मी बाजारात गेलो. नकली लोकरीचं, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याचं वस्त्र आणलं, लेबल कापलं आणि आपल्या मेंढ्यांचं म्हणून तिच्या हातात ठेवलं. तिनं ते गालाला लावून पाहिलं. जुनी धाबळी संकठा घाटावर गंगेत सोडली.

एकदा शेगडीतली ठिणगी नव्या धाबळीवर उडाली. खरी लोकर नुसती करपते. ही वितळली — आणि काकूच्या मनगटाला चिकटली.

मी तिथंच होतो. पाणी ओतत होतो. सांगायला तोंड उघडलं होतं — की उघडलंच नव्हतं? तेवढ्यात तीच म्हणाली, "माझ्याच सोवळ्यात काही गडबड झाली असणार रे. देवाला आता माझ्या हातचं नको. उद्यापासून रसोई सूनबाई करेल."

मी पाणी ओतत राहिलो. हात बरा झाला, पण काकू पुन्हा शेगडीपाशी गेली नाही. आता ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसते आणि पुरणाच्या वासावरून माझ्या बायकोला सूचना देते. आता सांगून तिला आणखी दुखवायचं कशाला, असं मला वाटतं. मग वाटतं, हे तिच्यासाठी की माझ्यासाठी? खोटं बोललो ते एकवेळ राहू दे. तिनं स्वतःला दोषी ठरवलं आणि मी ठरवू दिलं.

दर उन्हाळ्यात काकू ती धाबळी उन्हात टाकते, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा घडी करते. परवा मला बोलावून जळक्या भोकाभोवतीचा भाग दाखवत होती. "बघ, आपल्या मेंढ्यांची लोकर! इतकी वर्षं झाली, कसर म्हणून लागली नाही."

मी म्हटलं, हो काकू.