भांगातला नकाशा

“सावंत मॅडम, नकाशा कोरा आला. छान!” साहेब म्हणाले आणि स्टेपलर शोधू लागले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका खासगी सर्व्हे कंपनीत होते. वसईसमोर समुद्राच्या तळावरून एक पाइपलाइन जायची होती. त्या पट्ट्यात जवळा किती, ते शोधायचं काम आमचं. देवमासे ज्याच्यावर पोसतात तो क्रिल आपल्या जवळ्याचा लांबचा भाऊ. दोघांनाही शोधायची रीत एकच. बोटीच्या कडेला इको साउंडर बांधायचा. तो पाण्यात आवाज सोडतो, थव्यावरून प्रतिध्वनी येतो, कागदावर काळा डाग उमटतो. आमच्या कागदावर डाग नव्हते. म्हणजे पाइपलाइनला रान मोकळं.

बोट पाचूबंदरच्या इनास तांडेलांची. मागितली त्या दिवशी मिळाली. समुद्र शांत, बोटीच्या फेऱ्यांच्या रेघा सरळ. मी स्वतःवरच खूश होते. इनासकाकांना ‘मशीन टेस्ट’ एवढंच सांगितलं होतं.

मशीन सोडवायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातातला नकाशा उलगडला.

“ह्या काय?”

“जवळ्याचा नकाशा. या रेघेवरून पाइप जाणार.”

त्यांनी रेघेवर अंगठा टेकला. “हय माझे खुंट हात.” डोलीचं जाळं, म्हणजे पाण्याच्या ओढीवर फुगणारी लांब पिशवी, ज्यांना बांधतात ते तळात ठोकलेले खुंट; त्यांच्या आजोबांपासूनची जागा.

“पण काका, इथे जवळा सापडलाच नाही.”

“भांगान कसा सापडंल? पान्याला ओढ नाय. जवला चिखलान बसतो. आमी जालं टाकत नाय, म्हनून तर बोट तुमाला दिली.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, भरती-ओहोटी मंद. तळाला चिकटलेलं काही आमच्या मशीनला तळापासून वेगळं दिसत नाही, हे मला पाठ होतं. बोट रिकामी का, हे मात्र मी विचारलं नव्हतं. फार शरम वाटली.

“आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी बोट मागितली. जवला कवा मागितला?”

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सही करा आणि विषय संपवा.” मी सही केली नाही, आणि माझ्या सहीशिवाय रिपोर्ट जात नव्हता. दोन दिवसांनी साहेब नमले. मग उधाणाचा एक दिवस मिळाला.

पौर्णिमेला बंदरात एकही बोट रिकामी नव्हती. इनासकाका मासेमारीलाच निघाले होते. त्यांच्या टोपल्यांच्या मधे मी मशीन घेऊन बसले. खुंटांजवळ कागद काळा होत गेला. डाग कशाचा, हे जाळ्यावरूनच ठरतं. जाळं वर आलं ते जवळ्याने फुगलेलं. मी आनंदाने ओरडले. इनासकाकांनी वळूनही पाहिलं नाही, ते कामात होते.

पाइपलाइनची रेघ खुंटांपासून लांब सरकली. साहेबांनी क्लायंटला ‘आमच्या दक्षतेमुळे’ असं लिहिलं.

त्यानंतर मी बरेच सर्व्हे केले. बोट पटकन मिळाली, की अजूनही आधी विचारते, आज ही रिकामी का?