मागवून टाक

प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा उमटल्या त्या दिवशी नवरा तैवानला जायची बॅग भरत होता. फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्यासारख्या घरांत ही बॅग कधी पूर्ण रिकामी होतच नाही. चिप बनवायची यंत्रं इथे तयार होतात, तिकडे बसतात, आणि तिकडे अडली की इथले नवरे विमानात बसतात. मी खोलीचं दार लावून त्याला सांगितलं. चार्जरची वायर गुंडाळता गुंडाळता तो पलंगावर बसला.

"तुला नकोय ना?"

"नकोय."

"मग गोळ्या असतात की. ऑनलाइन मागवून टाक."

आमच्या घरातले सगळे प्रश्न असेच सुटतात. सायकलचा पंप, मुलीचा रेनकोट, ढोकळ्याचं पीठ, सगळं मागवून टाकायचं. मला राग यायला हवा होता, पण रागाला लागते तेवढी ताकदसुद्धा शिल्लक नव्हती. मी त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावून दिल्या. संध्याकाळी तो गेला.

मला का नको होतं, याची चांगली कारणं होती. बऱ्याच वर्षांनी नोकरी लागली होती. मुलीच्या वेळी सिझेरियन झालं होतं आणि त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. पण खरं सांगायचं तर मी दमले होते. सकाळी उठतानाच दमलेली असायचे. एवढं कारण पुरेसं असतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या. नातीशी मराठीत बोलायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हणायचं, "एकटी आहे ना, म्हणून अशी. भावंड हवं गं तिला." दिवसातून एकदा तरी हे व्हायचंच. त्यांना कळता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

आता कुणी विचारेल, इथे हे सगळं कायदेशीर आहे, डॉक्टरकडे का नाही गेलीस? त्याचं उत्तर आमच्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. इथल्या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात, आणि आम्हा मराठी मंडळींचं ठाम मत असं, की हाउसआर्ट्सकडे काहीही घेऊन जा, तो पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा एवढंच सांगणार. म्हणून पुण्याहून कुणी निघालं की चिवड्याच्या आधी औषधं मागवली जातात. खोकल्याची, जुलाबाची, अँटिबायोटिक्ससुद्धा. आमच्या कपाटातल्या औषधांच्या पिशवीत एक छोटं मेडिकल स्टोअर मावलं असतं. डॉक्टरला टाळून बरं होण्यात आम्ही पटाईत, आणि त्याचा आम्हाला अभिमानही.

तर मी फोनवर एक वेबसाइट उघडली. हसऱ्या बाईचा फोटो, 'शंभर टक्के गुप्त' असं आश्वासन. कंपनी कुठली, गोळ्या कुठल्या, काही झालं तर विचारायचं कुणाला, यातलं काही नाही. मला त्यांनी फक्त पत्ता विचारला. मी पत्ता भरला आणि थांबले. गोळ्यांच्या भीतीने नाही. आपण घरी नसलो की इथे पार्सल शेजारी देऊन जातात, आणि आमचे शेजारी नाशिकचे. पार्सल घेतलं की त्या बाई आधी हाताने दाबून बघतात, मग बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर करतात. पोटात काय जाणार यापेक्षा पाकीट कुणाच्या हातात पडणार याची मला जास्त काळजी होती. शहाणपण म्हणतात ते हेच.

मग वाटलं, पुण्याहूनच पाठवायला सांगावं. शाळेतली मैत्रीण तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला. म्हटलं, फराळाच्या डब्यात घालून पाठव, कुणाला कळणार नाही.

ती आधी हसली. मग एकदम डॉक्टर झाली. "सोनोग्राफी झालीये?"

"नाही."

"मग किती आठवडे झालेत ते अंदाजानेच ना? आणि गर्भ पिशवीतच आहे हे कुणी बघितलंय? नळीत असला तर या गोळ्यांचा उपयोग नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतेल. पॅड भराभर भिजायला लागले, ताप चढला, तर कुणाकडे जाणारेस?"

"हाउसआर्ट्सकडेच," मी म्हणाले.

"म्हणजे शेवटी तिथेच जाणार, पण मरायला टेकल्यावर. अगं बाई, हे चकली पाठवण्याइतकं सोपं नाही. मी काही पाठवणार नाहीये. आज अपॉइंटमेंट घे."

मला तिचा भयंकर राग आला. अपॉइंटमेंट मात्र घेतली.

डॉक्टरीणबाईंनी पॅरासिटामॉलचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का, कुणी भरीला तर घालत नाहीये ना. मी 'माझाच' म्हणाले आणि रडायला लागले. दुःख नव्हतं त्यात. तुला काय हवंय असं कुणी विचारलं, की माणूस रडतं. क्लिनिकमध्ये सोनोग्राफी झाली. सगळं जागच्या जागी होतं, दिवसही फार गेलेले नव्हते. पहिली गोळी तिथेच घ्यायची, बाकीच्या घरी. घरच्या गोळ्या घ्याल तेव्हा कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं, असं नर्स म्हणाली. मी नवऱ्याला फोन केला.

"मशीन अजून उभं राहिलं नाहीये गं," तो म्हणाला. "इथून हलताच येणार नाही. तू करशील मॅनेज. तू स्ट्राँग आहेस."

मोठं माणूस घरात एकच उरलं होतं.

सासूबाई टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या. मुलगी शाळेत गेली होती. मी समोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, दिवस गेल्याचं, नको असल्याचं, गोळ्यांचं. त्यांनी आणखी दोन काड्या निवडल्या. आता भावंडाचं निघणार, देवाचं निघणार, म्हणून मी अंग आवळून बसले होते.

"त्याला माहितीये?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जायच्या आधीपासून?"

"हो, आई."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माहीत असून गेला?"

त्याचं काम, त्याचा कस्टमर, त्याची डेडलाइन, सगळं माझ्या तोंडाशी आलं. त्याच्या वतीने बोलायची मला इतक्या वर्षांची सवय होती.

"हो," मी म्हणाले, "गेला." आणि पुढे काहीच बोलले नाही.